टर्ब्युलंट व्हिस्कॉसिटी लिमिटला अडकते, के आणि एप्सिलॉन उडतात: तपासणी कुठून सुरू करायची

लक्षणे

फ्लुएंट हे हवा-पाण्याचा प्रवाह संगणकावर सोडवणारे सॉफ्टवेअर. त्याच्या कन्सोलवर दर इटरेशनला, म्हणजे गणिताच्या दर फेरीला, तीच ओळ येत राहते: टर्ब्युलंट व्हिस्कॉसिटी (खळबळीमुळे वाढलेला चिकटपणा) मूळ व्हिस्कॉसिटीशी १,००,००० च्या रेशोला रोखली, इतक्या इतक्या सेलमध्ये. सेल म्हणजे मेशचा, प्रवाहाची जागा कापणाऱ्या जाळीचा, एक तुकडा. सेलचा आकडा उतरत नाही, उलट चढतो. त्याच कामाच्या ओपनफोम या खुल्या सॉफ्टवेअरवर हाच आजार 'बाउंडिंग के' किंवा 'बाउंडिंग एप्सिलॉन' या नावाने येतो आणि त्या ओळीतली किमान किंमत उणे असते. के म्हणजे प्रवाहातल्या खळबळीची गतिज ऊर्जा, एप्सिलॉन म्हणजे ती विरण्याचा दर. दोन्ही उणे होऊच शकत नाहीत, त्यामुळे तो आकडा दिसला की गणित कुठेतरी रुळावरून घसरले आहे एवढे नक्की.

कंटिन्युइटीचा, म्हणजे वस्तुमानाच्या हिशेबाचा, रेसिड्युअल (अजून उरलेली चूक) ०.००१ च्या आसपास आडवा पडतो. आउटलेटवर, म्हणजे हवा बाहेर पडायच्या तोंडावर, उलटा प्रवाह शिरत असल्याची सूचना येते. काही वेळाने फ्लोटिंग पॉइंट एक्सेप्शन, आणि रन संपला. रात्री रन लावून सकाळी विरार लोकलमध्ये मोबाइलवर लॉग उघडणाऱ्यांना हा शेवट चांगला ओळखीचा असतो.

याहून वाईट प्रकार म्हणजे एकही मेसेज नाही, रेसिड्युअल सुंदर उतरलेले, आणि उत्तर चुकीचे. टॉवरच्या गच्चीच्या कडेवर प्रवाह सुटायला हवा तो चिकटून जातो, इमारतीमागचा भोवरा भलताच लांब किंवा आखूड दिसतो, डक्टमधला प्रेशर ड्रॉप हाताने काढलेल्या आकड्याशी जुळत नाही. खालच्या तपासण्या या दुसऱ्या प्रकारालाही लागू आहेत.

अंधेरीत आमच्या टेबलावर येणाऱ्या केसेस बहुतेक दोनच जातीच्या असतात: एसीचे डक्ट आणि उंच इमारतींभोवतीचा वारा. मार्च-एप्रिलमध्ये त्यांत शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टवाल्या मुलांची भर पडते. प्रत्येकाचा पहिला प्रश्न ठरलेला: "मॉडेल बदलू का? एसएसटी लावू का?" एसएसटी म्हणजे दुसरे एक टर्ब्युलन्स मॉडेल. नका लावू, निदान आत्ता तरी नको. मॉडेल बदलणे या यादीत जवळजवळ शेवटी आहे आणि तिथेच राहू द्या.

आजाराचे मूळ एका भागाकारात

१०० मीटर उंच टॉवर आणि १० मीटर प्रति सेकंद वारा घेतला तर रेनॉल्ड्स नंबर (वेग गुणिले माप भागिले व्हिस्कॉसिटी) ६ कोटींच्या वर जातो. त्यातला प्रत्येक लहानमोठा भोवरा थेट सोडवायचा तर १० च्या १७व्या घाताच्या आसपास सेल लागतील. तो विचार सोडून द्यायचा. म्हणून १८९५ मध्ये रेनॉल्ड्सने दाखवले तसे वेगाचे सरासरी आणि चढउतार असे दोन भाग करतात, आणि चढउतारांचा परिणाम बूसिनेस्कच्या १८७७ च्या कल्पनेप्रमाणे एका वाढीव, कृत्रिम व्हिस्कॉसिटीत कोंबतात. ती किती धरायची हे सांगणे एवढेच टर्ब्युलन्स मॉडेलचे काम. लाँडर आणि स्पाल्डिंग यांच्या १९७४ च्या के-एप्सिलॉन मॉडेलमध्ये ती के चा वर्ग भागिले एप्सिलॉन, गुणिले ०.०९ इतकी असते.

एप्सिलॉन भाजकात आहे. तो एखाद्या सेलमध्ये शून्याजवळ घसरला की व्हिस्कॉसिटी आकाशाला भिडते. के वाजवीपेक्षा दुप्पट झाला तर व्हिस्कॉसिटी चौपट होते. म्हणून लिमिटचा मेसेज आला की "के जास्त का झाला?" आणि "एप्सिलॉन कमी का पडला?" हे दोनच प्रश्न शोधायचे असतात. पुढच्या सगळ्या तपासण्या त्यांचीच उत्तरे शोधतात.

मापे आणि एकके

दोन मिनिटांचे काम, खर्च शून्य. मेश वाचल्यावर डोमेनची (हिशेबात धरलेल्या जागेची) लांबी-रुंदी-उंची सॉल्व्हरमध्ये, म्हणजे गणित करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, बघा. कॅडमध्ये मिलिमीटर आणि सॉल्व्हरमध्ये मीटर, ही गल्लत दरवेळी कोणीतरी करतोच. आकार साठवणाऱ्या एसटीएल फाइलमध्ये एकक साठवलेलेच नसते, त्यामुळे ओपनफोमवाल्यांनी तर हे न चुकता बघावे. ६०० मिलिमीटरचा डक्ट ६०० मीटरचा झाला की रेनॉल्ड्स नंबर हजारपट होतो आणि व्हिस्कॉसिटी रेशोही त्याच पटीत फुगतो. मेसेज बरोबरच असतो, डक्टच खोटा असतो.

हवेची व्हिस्कॉसिटीही बघून घ्या. मुंबईच्या ३० अंशांच्या हवेला कायनेमॅटिक व्हिस्कॉसिटी साधारण ०.००००१६ येते. दुसऱ्याची केस उचलून काम सुरू केले असेल तर तिथे पाण्याचा आकडा बसलेला असू शकतो, आणि तो याच्या सोळाव्या हिश्श्याचा असतो.

लिमिट तरी योग्य आहे का?

हे फार कमी लोक विचारतात. एक लाखाची मर्यादा यंत्रांच्या मापाच्या प्रवाहांसाठी ठीक आहे: डक्ट, पंप, व्हॉल्व्ह, गाडी. शहरातल्या वाऱ्याला ती लागू पडत नाही.

लोअर परळसारख्या दाट वस्तीवरून येणारा वारा घ्या. १० मीटर उंचीवर वेग ५ मीटर प्रति सेकंद, जमिनीचा खरखरीतपणा म्हणजे झेड-नॉट ०.५ मीटर. लॉग नियमाने (वेग उंचीच्या लॉगरिदमने वाढतो) घर्षणवेग, म्हणजे यू-स्टार, ०.६७ येतो. टर्ब्युलंट व्हिस्कॉसिटी म्हणजे ०.४१ गुणिले यू-स्टार गुणिले (उंची अधिक झेड-नॉट). १० मीटर उंचीवर ती २.९ येते. हवेच्या मूळ व्हिस्कॉसिटीने भागा: रेशो १ लाख ८० हजारांच्या घरात. १०० मीटर उंचीवर तोच १७ लाख.

म्हणजे जमिनीपासून पाच-साडेपाच मीटरच्या वर, पहिल्या मजल्यापासूनच, खरे उत्तर त्या लिमिटच्या पलीकडे आहे. सॉल्व्हर तुमचे बरोबर उत्तर कापून खाली आणत असतो, आणि तुम्ही मेश बारीक करत बसता. वाऱ्याच्या केसमध्ये ही मर्यादा १० च्या ८व्या घातापर्यंत वाढवा आणि पुढे जा. डक्टच्या केसमध्ये मात्र तिला हात लावू नका. तिथे एक लाखाचा रेशो म्हणजे नक्की बिघाड, आणि मर्यादा वाढवली तर बिघाडाला मोकळे रान मिळते.

इनलेट

इनलेट म्हणजे हवा आत शिरायचे तोंड. माझ्या टेबलावर येणाऱ्या केसेसपैकी सर्वांत जास्त इथेच सुटतात, म्हणून इथे थोडे थांबू.

के आणि एप्सिलॉन थेट भरायचा पर्याय निवडला की फ्लुएंट दोन्ही जागी १ लिहून ठेवते. ते १ बदलायचे असतात, हे अनेकांना कोणी सांगितलेलेच नसते. खोलीतल्या एसीच्या जाळीतून ०.५ मीटर प्रति सेकंदाने हवा येते आहे आणि के १ आहे, तर टर्ब्युलन्सची तीव्रता १६३ टक्के झाली. सरासरी वेगापेक्षा चढउतार मोठे! वादळातही असे होत नाही.

डक्टसाठी हिशेब कागदावर होतो. हायड्रॉलिक व्यास ०.५ मीटर, वेग १० मीटर प्रति सेकंद. रेनॉल्ड्स नंबर ३,१२,५००. पूर्ण विकसित प्रवाहाची तीव्रता ०.१६ गुणिले रेनॉल्ड्स नंबरचा उणे एक-अष्टमांश घात, म्हणजे ३.३ टक्के. भोवऱ्याचे माप व्यासाच्या ७ टक्के, म्हणजे ०.०३५ मीटर. यावरून के ०.१६ आणि एप्सिलॉन ०.३१ येतो, रेशो साधारण ४८०. तिथे १ आणि १ ठेवले तर रेशो ५,६०० वर जातो, म्हणजे प्रवाह आत शिरतानाच बारापट घट्ट.

दुसरे टोक तितकेच त्रासदायक. तीव्रता ५ टक्के आणि रेशो १० ही जोडी बघायला निरुपद्रवी वाटते. १० मीटर प्रति सेकंदाला तिच्यातून एप्सिलॉन ७९ येतो. इतक्या मोठ्या एप्सिलॉनने के झपाट्याने खाल्ला जातो आणि इनलेटपासून एका मीटरवर मूळ के चे जेमतेम ४ टक्के उरतात. तुमची वस्तू इनलेटपासून दहा मीटरवर असेल तर तिच्यापर्यंत पोचणारा प्रवाह जवळपास शांत असतो. तुम्ही ५ टक्के भरलेत, वस्तूला ५ टक्के कधीच मिळाले नाहीत. इनलेट ते वस्तू अशी एक सरळ रेघ काढून तिच्यावर के चा आलेख बघा. हे एवढे केले तरी अर्धी कोडी सुटतात.

ओपनफोमवाल्यांसाठी एक खूण. इनलेटला एप्सिलॉन १४.८५५ दिसला तर केस कुठून आली ते लगेच कळते: 'पिट्झडेली' ट्यूटोरियल. सोबत के ०.३७५ असतो, तो १० मीटर प्रति सेकंदाच्या ५ टक्क्यांवरून आलेला. १४.८५५ मागे भोवऱ्याचे माप आहे २.५४ मिलिमीटर, म्हणजे त्या केसमधल्या २५.४ मिलिमीटरच्या पायरीचा दहावा हिस्सा. आता हाच आकडा १०० मीटरच्या टॉवरच्या केसमध्ये येऊन बसतो. अडीच मिलिमीटरचे भोवरे वरळीच्या वाऱ्यात! ट्यूटोरियलमध्ये दोष नाही, ते त्यांच्या पायरीसाठी अगदी बरोबर आहे. आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पाने ओपनफोमचे स्पोकन ट्यूटोरियल आणि केस स्टडी खुले ठेवले आहेत. सुरुवात करणाऱ्याने ते जरूर बघावेत, फक्त त्यातले आकडे उचलण्याआधी ते कोणत्या मापातून आले ते बघावे.

इमारतींसाठी इनलेटला सपाट वेग देऊच नका. रिचर्ड्स आणि हॉक्सी यांची १९९३ ची मांडणी वापरा: वेग लॉग नियमाने चढता, के उंचीभर एकसारखा, एप्सिलॉन उंचीबरोबर उतरता. के म्हणजे यू-स्टारचा वर्ग भागिले ०.३. यात मुंबईची एक खास गोम आहे. पावसाळ्यात वारा पश्चिम-नैर्ऋत्येकडून, समुद्रावरून येतो. वरळी-प्रभादेवीच्या किनाऱ्यावरच्या टॉवरला तो खुल्या पाण्यावरून थेट लागतो, झेड-नॉट ०.०००२ मीटर धरा. हिवाळ्यातल्या पहाटे वारा पूर्वेकडून, सगळे शहर ओलांडून येतो, तिथे झेड-नॉट ०.५ किंवा जास्त. १० मीटरवर दोन्हीचा वेग ५ धरला तरी पश्चिमेच्या वाऱ्यात के ०.१२ आणि पूर्वेच्या वाऱ्यात १.५. बारापटीचा फरक, तीव्रता ६ टक्क्यांच्या जागी २०. एकच इनलेट फाइल फिरवून आठ दिशांना लावणारे रिपोर्ट मी बघितले आहेत. त्यात निदान चार दिशा फुकट जातात.

वेगाचा आकडाही कुठला आहे ते बघा. हवामान विभागाची मोजणी कुलाब्याला आणि सांताक्रूझला होते. सांताक्रूझचा आकडा विमानतळाच्या मोकळ्या मैदानाचा आहे. तो तसाच्या तसा लोअर परळच्या गल्लीत १० मीटरवर लावता येत नाही. आधी मैदानाच्या झेड-नॉटने जमिनीचा परिणाम न पोचणाऱ्या उंचीवर न्यायचा, मग शहराच्या झेड-नॉटने खाली आणायचा.

आउटलेट

उलट्या प्रवाहाची सूचना सुरुवातीच्या इटरेशनमध्ये आली तर दुर्लक्ष करा. शेवटपर्यंत राहिली तर आउटलेट भोवऱ्याच्या पोटात आहे. इमारतीच्या मागे उंचीच्या १५ पट अंतर ठेवा, पुढे आणि वर ५ पट, आणि समोरून बघितल्यावर इमारतीने डोमेनचे ३ टक्क्यांपेक्षा जास्त क्षेत्र अडवू नये.

लोक विसरतात ती गोष्ट वेगळीच आहे. आउटलेटलाही के आणि एप्सिलॉनची खाती असतात, उलट्या प्रवाहाने आत येणाऱ्या हवेसाठी. इनलेट नीट भरलेला आणि आउटलेटला तेच १ आणि १. उलटा प्रवाह सुरू झाला की मागच्या दाराने तो कचरा आत शिरतो, आणि लिमिटचा मेसेज नेमका आउटलेटजवळच्या सेलमधून येतो. मेसेज नुसता मोजू नका, ते सेल रंगवून बघा. कुठे आहेत यावरून अर्धे निदान होते: आउटलेटला असतील तर हा आजार, भिंतीला असतील तर पुढचा, मधेच एकटेदुकटे असतील तर मेश.

मेश आणि भिंत

आता वेळ लागणारी कामे सुरू होतात.

एकटेदुकटे सेल आधी. फ्लुएंटमध्ये किमान ऑर्थोगोनल क्वालिटी ०.१ च्या वर आणि स्क्यूनेस ०.९५ च्या खाली हवा (दोन्ही सेल किती वाकडा आहे याची मापे). ओपनफोमचे चेकमेश ७० अंशांपुढचे नॉन-ऑर्थोगोनल फेस वेगळे मोजून दाखवते. लाखो सेलमधले पाच वाईट सेलही सगळा रन बुडवू शकतात, कारण ग्रेडियंट तिथे चुकतो, ग्रेडियंटवरून के ची निर्मिती ठरते, आणि तिथून भागाकारात गडबड होते. भिंतीजवळच्या थरांचा वाढीचा दर १.२ ठेवा.

मग वाय प्लस, म्हणजे भिंतीपासूनचे अंतर गुणिले घर्षणवेग भागिले व्हिस्कॉसिटी. भिंतीला लागून ५ वाय प्लसपर्यंत व्हिस्कस थर, ३० च्या पुढे लॉग नियमाचा पट्टा, मधला ५ ते ३० कोणाचाच नाही. वॉल फंक्शन (भिंतीजवळचा थर न सोडवता सूत्राने धरणे) वापरायचे तर पहिल्या सेलचा मध्य ३० ते ३०० मध्ये ठेवा. भिंतीपर्यंत सोडवायचे तर १ च्या आसपास. वरच्याच डक्टमध्ये घर्षणवेग साधारण ०.४२ येतो, म्हणजे वाय प्लस १ साठी ०.०४ मिलिमीटर आणि ५० साठी जवळजवळ २ मिलिमीटर. हे अंतर सेलच्या मध्यापर्यंतचे आहे, सेलची उंची त्याच्या दुप्पट. "बारीक मेश म्हणजे चांगली मेश" असे समजून वॉल फंक्शनच्या केसमध्ये सेल ०.४ मिलिमीटरवर नेले की मध्य बरोबर त्या बेवारस पट्ट्यात येऊन पडतो. मेश सुधारली आणि उत्तर बिघडले अशी तक्रार आली की मी आधी वाय प्लसच विचारतो.

टॉवरच्या भिंतीवर वाय प्लस काही हजार आला तर घाबरू नका. त्या मापाच्या प्रवाहात लॉग पट्टा तितका वर जातो.

इमारतीच्या केसमध्ये जमीन हे वेगळे प्रकरण आहे. फ्लुएंटला झेड-नॉट कळत नाही, त्याला वाळूच्या कणाइतका खरखरीतपणा लागतो, आणि तो झेड-नॉटच्या ९.७९३ पट भागिले रफनेस स्थिरांक इतका असतो. स्थिरांक ०.५ च ठेवला तर झेड-नॉट ०.५ मीटरला हा आकडा ९.८ मीटर येतो. पहिल्या सेलचा मध्य त्याच्या वर असायला हवा. म्हणजे पहिला सेल वीस मीटरचा, आणि आपल्याला हवा आहे पावणेदोन मीटरवरचा पादचाऱ्याचा वारा! यातून मार्ग असा: भोवतालच्या इमारती प्रत्यक्ष मॉडेल करायच्या आणि त्यांच्यामधल्या जमिनीला रस्त्याचा लहान खरखरीतपणा द्यायचा. ओपनफोममध्ये झेड-नॉट थेट घेणारे वॉल फंक्शन आहे, तिथे ही कसरत कमी होते.

इनलेट आणि जमीन एकमेकांशी जुळतात का, हे बघायला रिकामे डोमेन चालवा. सगळ्या इमारती काढा, तीच मेश, त्याच सेटिंग, आणि इनलेट, इमारतीची जागा, आउटलेट अशा तीन ठिकाणी वेग आणि के चे उभे आलेख एकावर एक ठेवा. तिन्ही जुळले पाहिजेत. जमिनीजवळ के ला टोक आले असेल किंवा वेग वाढत गेला असेल तर इमारत बसवण्यात अर्थ नाही, कारण इमारतीला तुम्ही लिहिलेला वारा मिळतच नाही. ही चाचणी चहा येईपर्यंत होते आणि फारसे कोणी करत नाही.

स्कीम आणि रिलॅक्सेशन

इथवर सगळे ठीक असेल तर सॉल्व्हरकडे या. स्कीम म्हणजे सेलच्या किमतींवरून त्यांच्या कडेवरची किंमत काढायची रीत. सुरुवात पोटेन्शियल फ्लोने (चिकटपणा सोडून काढलेला साधा प्रवाह) करा, पहिले काहीशे इटरेशन फर्स्ट ऑर्डर अपविंड या कमी अचूक पण स्थिर स्कीमवर चालवा, मग सेकंड ऑर्डरवर जा. के आणि एप्सिलॉनच्या कन्व्हेक्शनला (प्रवाहाबरोबर वाहून जाण्याला) मर्यादा नसलेली स्कीम लावली की तीव्र उतारांवर किंमत शून्याखाली जाते, 'बाउंडिंग' मेसेजचे हे नेहमीचे कारण. त्या दोघांना लिमिटेड स्कीम किंवा गरज पडली तर अपविंडही द्या, मी त्याला हरकत घेत नाही. वेगाला मात्र शेवटचे उत्तर फर्स्ट ऑर्डरवर काढू नका. त्यात गणिताचीच व्हिस्कॉसिटी मिसळते आणि टर्ब्युलन्स मॉडेलच्या कामावर पाणी पडते.

रिलॅक्सेशन, म्हणजे दर इटरेशनला बदलाचा किती हिस्सा घ्यायचा: प्रेशरला ०.३, वेगाला ०.७, के-एप्सिलॉनला ०.८ वरून ०.५. त्याहून खाली, ०.१ वगैरे आणून रेसिड्युअल खाली आणणे ही फसवणूक आहे, प्रत्येक पायरी लहान केली की फरक लहान दिसणारच. बघायचे ते ड्रॅग, प्रेशर ड्रॉप किंवा एखाद्या बिंदूवरचा वेग. तो थांबला का?

थांबला नाही आणि ठरावीक लयीत वरखाली होतो आहे, तर कदाचित बिघाड नाहीच. चौकोनी टॉवरमागे भोवरे आलटून पालटून सुटतात, स्ट्राउहाल नंबर (वारंवारता गुणिले रुंदी भागिले वेग) साधारण ०.१२. रुंदी ३० मीटर आणि वारा १० मीटर प्रति सेकंद असेल तर एका फेऱ्याला २५ सेकंद. स्थिर सॉल्व्हर या प्रवाहावर स्थिर होणार कसा? अनस्टेडी चालवा, टाइमस्टेप फेऱ्याच्या शंभराव्या हिश्श्याचा, आणि बऱ्याच फेऱ्यांची सरासरी घ्या.

आता मॉडेल

साध्या के-एप्सिलॉनचा एक जाहीर दोष आहे. वारा भिंतीवर समोरून आदळतो तिथे प्रवाह ताणला जातो, पण फिरत नाही. मॉडेल मात्र ताणाच्या वर्गाने के तयार करते, म्हणून तिथे के भरमसाट साचतो, वाहत गच्चीच्या कडेवर जातो आणि सुटायचा प्रवाह चिकटवून टाकतो. सुरुवातीला सांगितलेले "मेसेज नाही पण उत्तर चूक" ते हेच. कातो आणि लाँडर यांनी १९९३ मध्ये ताणाच्या एका घटकाजागी फिरकी घालून हे आवरले. रिअलायझेबल के-एप्सिलॉन किंवा मेंटरचे १९९४ चे एसएसटी हे रोजच्या कामाचे पर्याय. एसएसटीमध्ये निर्मितीवर मर्यादा असते, ती चालू आहे ना ते बघा.

नवे मॉडेल लावले की आधी ओळखीच्या केसवर चालवा. ड्रायव्हर आणि सीगमिलर यांची १९८५ ची मागे उतरणारी पायरी नासाच्या टर्ब्युलन्स मॉडेलिंग रिसोर्सवर मिळते. प्रवाह पायरीच्या उंचीच्या ६.२६ पट अंतरावर पुन्हा चिकटतो. साधे के-एप्सिलॉन हे अंतर आखूड दाखवते, एसएसटी बरेच जवळ जाते. तुमच्या सेटिंगने एसएसटी ४ वर चिकटत असेल तर दोष टॉवरच्या केसमध्ये नाही.

कुठे थांबायचे

काचेच्या दर्शनी भागाचे किंवा इमारतीच्या सांगाड्याचे वाऱ्याचे भार काढायचे असतील तर हे सगळे बाजूला ठेवा. आयएस ८७५ भाग ३ या वाऱ्याच्या भारांच्या भारतीय मानकात मुंबईचा मूळ वाऱ्याचा वेग ४४ मीटर प्रति सेकंद आहे आणि तो ३ सेकंदांच्या झोताचा आहे. सरासरीवर उभे असलेले मॉडेल झोताचे शिखर देत नाही, कितीही छान कन्व्हर्ज झाले तरी. उंच किंवा वेड्यावाकड्या आकाराच्या इमारतीला विंड टनेल लागते: रुरकी आणि कानपूरच्या आयआयटी, चेन्नईचे सीएसआयआर-एसईआरसी. स्ट्रक्चरल कन्सल्टंटला हे सुरुवातीलाच सांगा, आराखडा पक्का झाल्यावर नाही.

तळघरातल्या पार्किंगमधला धूर, जिन्याचे प्रेशरायझेशन, अशा जिथे अग्निशमन दलाच्या मंजुरीचा आणि माणसांच्या जिवाचा प्रश्न आहे तिथे शिकाऊ रन कागदावर लावू नका. त्या विषयातला अनुभवी सल्लागार घ्या आणि सही त्याची घ्या. आवाज, ज्वलन किंवा झोताचा तपशील हवा असेल तर एलईएस (मोठे भोवरे थेट सोडवणारी पद्धत) लागते. त्याची मेश आणि मशीनची गरज वेगळ्याच पातळीची असते, ऑफिसच्या वर्कस्टेशनवर महिनाभर घालवण्याआधी करणाऱ्याला विचारा.

आणि वरचे सगळे क्रमाने करूनही मेसेज जात नसेल तर तिसऱ्या दिवशी एकट्याने झगडू नका. ज्याला विचाराल त्याला फक्त स्क्रीनशॉट पाठवू नका. डोमेनची मापे, इनलेट-आउटलेटचे सगळे आकडे, मेशचा अहवाल, वाय प्लसची किमान-कमाल, लिमिटला अडकलेले सेल रंगवलेले चित्र, रिकाम्या डोमेनचे तीन आलेख आणि पहिल्या इटरेशनपासूनचा पूर्ण लॉग पाठवा. लॉगचा शेवट सगळेच पाठवतात. बिघाड बहुतेक वेळा पहिल्या पन्नास इटरेशनमध्येच दिसायला लागलेला असतो.